बांध फुटतो म्हणजे नेमके काय होते? गोव्यातील खाजन जमिनी समजून घेताना

पावसाळ्यात गोव्यातले कोणतेही मराठी वर्तमानपत्र उघडले, तर आतल्या पानावर एक बातमी हमखास सापडते. अमुक गावचा बांध फुटला, खारे पाणी शेतात शिरले, पेरणी वाया गेली. त्याच आठवड्यात दुसरीकडे कुठेतरी खाजनात मातीचा भराव टाकल्याची तक्रार छापून येते आणि तिसऱ्या पानावर खारफुटी तोडल्यावरून वाद पेटलेला असतो. खाजन, मानस, कोमुनिदाद, सीआरझेड हे शब्द या बातम्यांत इतक्या सहजपणे येतात की ते सर्वांना ठाऊकच आहेत असे वाटावे. पर्वरीच्या किंवा मडगावच्या इमारतीत वाढलेल्या तरुण वाचकाला मात्र त्यांचा अर्थ लागत नाही, आणि हा दोष त्याचा नाही. भात तर पाण्यातच वाढते, मग शेतात पाणी आल्याने पीक कसे बुडते, नदीचे पाणी खारे कसे, आणि बांध फुटला तर तो बांधायचा कोणी, या साध्या प्रश्नांची उत्तरे त्या बातम्यांत नसतात. ती उत्तरे एकत्र ठेवण्याचा हा प्रयत्न आहे. ती कळली म्हणजे पणजी का तुंबते आणि दिवाडीची शेते पडीक का राहतात, हे दोन प्रश्न एकमेकांच्या किती जवळचे आहेत तेही दिसते.

दिवसातून दोनदा उलटी वाहणारी नदी

मांडवी आणि जुवारी सह्याद्रीतून वेगाने खाली येतात, पण समुद्राजवळच्या शेवटच्या टप्प्यात त्यांच्या पात्राला उतार जवळजवळ उरतच नाही. त्यामुळे भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी नदीत शिरते आणि नदी काही तास चक्क उलटी वाहते. मांडवीत भरतीचा परिणाम मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांज्यापर्यंत जाणवतो. मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत सुमारे २ मीटरचा, म्हणजे उंच माणसाहूनही थोडा अधिक, फरक पडतो. पावसाळ्यात डोंगराचे पाणी एवढे येते की नदीचा वरचा भाग गोडा होतो. पाऊस सरला की खारेपणा पुन्हा पावलापावलाने आत सरकू लागतो, आणि वैशाखात तो सर्वांत आत पोचलेला असतो.

या दोन नद्यांना कुंभारजुव्याची खाडी आतल्या बाजूने जोडते. म्हणून तिसवाडी हा तालुका चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला आहे, आणि त्याला लागून चोडण, दिवाडी, जुवे, कुंभारजुवे अशी बेटे आहेत. बेटांच्या मध्यावर टेकडी, टेकडीच्या पायथ्याशी घरे आणि माड, आणि त्याखाली सपाट, सखल जमीन असते. ही सखल जमीन निसर्गाच्या हाती सोडली, तर भरतीला बुडेल आणि ओहोटीला उघडी पडेल. तिथे चिखल, खेकडे आणि खारफुटी यांखेरीज काही असणार नाही.

या जमिनीभोवती बांध घालून खारे पाणी बाहेर ठेवले आणि आत भात पिकवले, की तिला खाजन म्हणतात. रायगड-रत्नागिरीचा वाचक तिला खाजण, खार किंवा खारभूमी म्हणून ओळखतो, आणि केरळात अशाच जमिनीत पोक्काळी भात होते. जेवताना आपण भाताचे आळे करतो ते आमटी आत राहावी म्हणून. खाजनात तेच आळे चिखलाचे असते आणि आमटी बाहेर ठेवायची असते. गोव्यात अशा जमिनीचे क्षेत्र सुमारे १८,००० हेक्टर मानले जाते. जुन्या लोकांच्या बोलण्यात जमिनीचे तीन प्रकार असतात: चढावरची मोरड, रेताड खेर आणि सखल खाजन. तिन्हींत कसदार खाजनच, कारण नदीचा गाळ शतकानुशतके तिथेच साचलेला आहे.

एक गोष्ट इथे नीट ध्यानात घ्यावी, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. बांधाच्या आतली जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असते. होडीचा तळ पाण्याच्या पातळीखाली असतो आणि केवळ कडा वर असतात, तसेच हे आहे. होडीला भोक एका टोकाला पडले म्हणून दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस कोरडा राहत नाही. खाजनाचेही तसेच आहे.

मानस: माणसाशिवाय चालणारा दरवाजा

नुसता बांध घातला तर खारे पाणी बाहेर राहील, पण पावसाचे पाणीही आतच अडकेल. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत कोसळतो. हे पाणी बाहेर काढायचे, पण त्याच वाटेने नदीचे पाणी आत येऊ द्यायचे नाही, हा पेच मानस सोडवते. मानस म्हणजे बांधात बसवलेला पाण्याचा दरवाजा.

गेल्या वैशाखात दिवाडीच्या एका मानशीवर मी ओहोटी लागण्याची वाट पाहत बसलो होतो. जांभ्या दगडाचे जाड खांब, त्यांच्यात घट्ट बसवलेली लाकडी चौकट आणि वरच्या बाजूला अडकवलेली, नदीच्या दिशेला उघडणारी फळी, एवढीच तिची रचना. लाकूड पाण्याखाली काळे पडलेले होते आणि त्याच्यावर शिंपल्यांचा खरखरीत थर जमला होता. भरती पुरी होती, तेव्हा नदीचे पाणी बाहेरून फळीला दाबून धरत होते आणि कडेच्या फटीतून बारीक धार आत पडत होती. मग पाणी स्थिर झाले. काही वेळाने ती धार थांबली. बाहेरची पातळी आतल्यापेक्षा बोटभर खाली गेली असेल नसेल, तोच फळी थरथरली, खालून किंचित सुटली आणि आतले पाणी गढूळ फेस काढत बाहेर वाहू लागले. कोणी हात लावला नव्हता. सायकलच्या नळीचा व्हॉल्व्ह हवा आत घेतो आणि बाहेर सोडत नाही, तसाच हा व्हॉल्व्ह पाणी बाहेर सोडतो आणि आत घेत नाही. तो दिवसातून दोनदा उघडतो आणि दोनदा मिटतो, तेही वीज, पंप किंवा पहारेकरी यांच्यावाचून.

मानशीच्या आतल्या बाजूला एक रुंद आणि खोल पाट असतो, त्याला पोंय म्हणतात. भरतीच्या काळात, म्हणजे सहाएक तास, दरवाजा मिटलेला असतो. त्या वेळेत मुसळधार पाऊस पडला तर ते पाणी जाणार कुठे? ते पोंयीत उतरते, तिथे थांबते आणि ओहोटी लागली की बाहेर जाते. पोंय ही खाजनाची साठवणीची टाकी आहे. वरवर पाहणाऱ्याला ती वाया गेलेली, पाण्याखालची जागा वाटते आणि म्हणूनच भराव टाकणाऱ्याची नजर सर्वांत आधी तिच्यावर जाते.

एकच जमीन, तीन कामे

खाजनातली शेती पहिल्या पावसाने सुरू होत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. पहिले पाणी जमीन धुण्यासाठी असते. ते शेतात साठवायचे, मातीतले मीठ त्यात उतरू द्यायचे आणि ओहोटीला मानशीतून सोडून द्यायचे, असे दोन-तीनदा करावे लागते. जमीन पेरणीजोगी झाली की नाही हे पाहण्यासाठी जुना शेतकरी शेतातले पाणी बोटाने जिभेवर लावतो. मग कोरगुट, आसगो अशी खारेपणा सोसणारी जुनी भाते पेरली जातात. कोरगुट उंच वाढते. थोडे खारे पाणी आणि थोडे दिवस बुडणे त्याला सहन होते, पण त्यालाही मर्यादा आहे. ऐन वाढीत बांध फुटला आणि खारे पाणी साचून राहिले, तर मुळांना पाणी ओढता येत नाही आणि रोप पाण्यात उभे असूनही तहानेने मरते. आजारी माणसाला ताकाऐवजी मिठाचे पाणीच पाजत राहिले तर जे होईल, तेच शेताचे होते. शिवाय मातीत उतरलेले मीठ पुढल्या पावसाळ्यांनी धुतले जाईपर्यंत तिथेच असते. म्हणूनच एका रात्रीत फुटलेल्या बांधाची किंमत एका हंगामापुरती नसते.

कापणी झाली की मानशीचे काम बदलते. आता भरतीचे पाणी मुद्दाम आत घेतात आणि त्याबरोबर सुंगटे, शेवटे, काळुंद्रे, चोणक, कुर्ल्या आत येतात. ओहोटीला मानशीच्या तोंडावर जाळे लावले की बाहेर जाणारी मासळी त्यात सापडते. मानशीवर मासळी धरण्याचा हक्क दरवर्षी पावणीत, म्हणजे लिलावात, दिला जातो आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी व्हायची. मला या साऱ्या व्यवस्थेतली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते: ज्या दरवाजामुळे शेत वाचते, त्याच दरवाजावरची मासळी त्याच्या दुरुस्तीचा खर्च उचलते.

काही खाजनांत भाताऐवजी मीठ पिकते. उन्हाळ्यात उथळ चौकोनांत खारे पाणी घेऊन ते उन्हात आटवायचे, ही मिठागरे रायबंदर, सांताक्रूझ भागात रस्त्यावरून दिसतात. पेडण्यातल्या आगरवाड्याच्या नावातला आगर हाच आहे.

हे सारे कोणी उभारले?

खाजने पोर्तुगीजांनी बांधली असा समज अधूनमधून ऐकू येतो. तो चुकीचा आहे. फोंडा तालुक्यातल्या बांदोडे येथे मिळालेला कोकणच्या मौर्यांपैकी अनिर्जितवर्मा याचा ताम्रपट साधारण सहाव्या-सातव्या शतकातला मानला जातो. त्यात खज्जन जमिनीचे दान आहे आणि समुद्राचे खारे पाणी बांध घालून अडवून तिथे शेत करण्याचा उल्लेखही आहे. शब्द तोच, काम तेच. पोर्तुगीज येण्याच्या किमान ८०० वर्षे आधी.

अफोंसो द आल्बुकर्क याने १५१० मध्ये तिसवाडी जिंकली. त्यानंतर १६ वर्षांनी, १५२६ मध्ये, अफोंसो मेशिया या अधिकाऱ्याने गावांच्या चालीरीतींची सनद तयार केली. नव्या सत्तेला महसूल हवा होता आणि महसूल हवा तर गाव कसा चालतो ते समजणे भाग होते. त्या सनदेत नोंदवलेली परंपरा अशी की पूर्वी चार माणसे एका ओसाड बेटावर आली, त्यांनी ते लागवडीखाली आणले आणि त्यांच्या वंशजांना गावकार हे नाव पडले. गावकारांच्या या मंडळाला गावकारी म्हणत. पोर्तुगीजांनी तिला कोमुनिदाद हा शब्द वापरला आणि तोच कागदोपत्री टिकला. जमीन गावकारीच्या मालकीची असे, ती पावणीने कसायला दिली जाई, उत्पन्नातून बांध, मानशी, रस्ते, देवस्थान यांचा खर्च भागे आणि उरलेले गावकारांत वाटले जाई.

यातले मर्म सामायिक जबाबदारीत आहे. इमारतीची गच्ची गळू लागली तर पाणी वरच्या मजल्यावरच्या घरात पडते, पण दुरुस्ती सगळ्यांच्या वर्गणीतून होते, कारण गच्ची कोणा एकाची नसते. बांधाचे नेमके तसे आहे. ज्याचे शेत बांधाला लागून आहे त्याच्या एकट्याच्या आवाक्यातले ते काम नाही आणि ज्याचे शेत दूर आहे तोही त्यातून सुटत नाही.

मात्र गावकारीचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य नाही. तिच्यात हक्क पुरुष वंशजांचा होता. स्त्रियांना स्थान नव्हते आणि ज्या गावडे-कुणबी कुटुंबांनी कमरेइतक्या चिखलात उभे राहून बांध घातले, त्यांच्या वाट्याला मजुरी आली, मालकी नाही. पुढे जे बदल झाले ते समजून घेताना हा अन्याय विसरून चालणार नाही.

खाडीकाठच्या खुणा

तिसवाडी आणि भोवतालच्या बेटांवरच्या प्रसिद्ध वास्तू आपण देवळे, चर्च, किल्ले म्हणून पाहतो. पण त्या कुठे उभ्या आहेत आणि कुठून हलल्या हे पाहिले, की त्यांच्यामागे खाडी दिसू लागते.

गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंब राजांची राजधानी आधी कुशावतीकाठच्या चंद्रपुरात, म्हणजे आजच्या चांदर येथे होती. अकराव्या शतकात पहिल्या जयकेशीच्या काळात ती जुवारीकाठच्या गोपकपट्टणास आली. आज त्या जागी गोवा वेल्हा आहे. पुढे सत्ता आणि व्यापार मांडवीकाठच्या एळा बंदराकडे सरकले आणि तेच पुढे पोर्तुगीजांचे गोवा शहर, आपले जुने गोवे, झाले. तेही साथीच्या रोगांनी ओस पडले, आणि १८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला आली. ज्या खाडीने शहरे वसवली तिच्याच काठावरून ती एकामागून एक हलत गेली.

देवांचेही असेच स्थलांतर झाले. कदंबांचे कुलदैवत सप्तकोटीश्वर मूळचे दिवाडी बेटावरच्या नार्वे येथले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देऊळ मोडल्यावर देव खाडी ओलांडून डिचोलीच्या बाजूला गेला आणि तिथल्या वस्तीलाही नार्वे हेच नाव मिळाले. १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. चोडणची देवकीकृष्णाची मूर्ती अशीच माशेलला गेली, आणि आषाढात तिथे चिखलकाल्याला तरुण देवळासमोरच्या चिखलात लोळतात, तेव्हा पावसात भिजलेल्या शेताचा वास त्या उत्सवाला असतो. लोक गेले, देव गेले, पण बेटांवरच्या खाजनांची मशागत चालूच राहिली, कारण नव्या सत्तेलाही तांदूळ हवाच होता.

जुवे बेटाची हकिकत मराठी वाचकाला परिचयाची असेल. नोव्हेंबर १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या सैनिकांनी ओहोटीची वेळ साधून खाडी ओलांडली आणि बेटावरचा पोर्तुगीजांचा किल्ला रात्रीत घेतला. दुसऱ्या दिवशी चालून आलेल्या व्हाइसरॉयला माघार घ्यावी लागली. इथे लढायचे तर तलवारीइतकेच भरतीचे वेळापत्रक माहीत असावे लागे.

आणि रायबंदरचा पूल. व्हाइसरॉय कोंद द लिन्यारिश याच्या काळात, १६३३-३४ मध्ये, पणजीचा पाटो आणि रायबंदर यांना जोडणारा सुमारे ३ किलोमीटरचा जांभ्या दगडाचा रस्ता दलदलीतून बांधला गेला. रोज हजारो वाहने त्यावरून जातात, पण खाली उतरून पाहणारे थोडे. रस्त्याच्या पोटात ठिकठिकाणी कमानी ठेवलेल्या आहेत आणि भरतीचे पाणी त्यांतून पलीकडच्या मिठागरांत जाते-येते. जवळजवळ चारशे वर्षांपूर्वीच्या बांधणाऱ्याला हे कळत होते की रस्ता पाण्यावरून न्यायचा असेल तर पाण्याची वाट बंद करता येत नाही. आजचे काही जोडरस्ते पाहिले की ही जाण आपण कुठे हरवली, असा प्रश्न मनात येतो आणि वाईट वाटते.

पणजी तर दलदल आणि सखल शेते भरूनच वाढली. मळा या वस्तीचे नावच शेताचे आहे. सांत इनेजचा नाला आणि ऊरेमची खाडी या शहराच्या जुन्या पोंयी म्हणता येतील. त्यांच्या कडेची पाणी झिरपणारी जमीन बांधकामाखाली गेली, म्हणून मोठा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की ‘१८ जून’ नावाच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी साचते. गटारे साफ केली नाहीत हे एक कारण असेल, पण गटार साफ असले तरी नदीच वर असताना पाण्याने जायचे कुठे?

मग बिघडले कुठे?

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण मिळाले आणि १९७६ च्या दुरुस्तीने कूळ जमिनीचे मालक झाले. पिढ्यान्पिढ्या राबणाऱ्यांना न्याय देणारे हे पाऊल होते आणि त्याबद्दल शंका नाही. परंतु शेताचे तुकडे वाटता आले, बांधाचे आले नाहीत. गावकारीचे उत्पन्न आटले आणि बांधाची जबाबदारी कुळांच्या संघटनांवर आली. त्यातल्या काही उत्तम चालल्या, बऱ्याच नावापुरत्या राहिल्या. मोठ्या दुरुस्त्या कृषी खात्याकडे गेल्या, पण खाते कामाला लागते ते अर्ज, पाहणी आणि निविदा झाल्यावर. बांधाला मात्र खेकड्याचे भोक त्याच दिवशी बुजवावे लागते.

दरम्यान भात परवडेनासे झाले. मजुरी वाढली, मुले नोकरीला लागली, शेत पडीक पडले. मासळीची, विशेषतः सुंगटांची, किंमत चढली. त्यामुळे मानस शेतासाठी न चालवता मासळीसाठी चालवण्याचा मोह वाढला. दरवाजा नको तेव्हा उघडा राहू लागला आणि खारे पाणी पावसाळ्यातही आत घेतले जाऊ लागले. ओढीने जाणारे पाणी मानशीच्या तोंडाशी माती उकरते आणि शेवटी बांधच वाहून जातो. मांडवीतून खनिज वाहून नेणाऱ्या बार्जींच्या लाटांनीही काठचे बांध झिजले. या सगळ्यांची भर पडत जाऊन एका अमावास्येच्या उधाणाला बांध फुटतो आणि बातमीत लिहिले जाते की उधाणामुळे बांध फुटला.

खारफुटी वाढली तर चांगलेच नाही का?

ही शंका प्रामाणिक आहे आणि तिचे उत्तर खारफुटी कुठे वाढते यावर ठरते. बांधाच्या बाहेर, नदीच्या बाजूला ती वाढली तर लाटांचा मार सोसते, गाळ धरून ठेवते, माशांच्या पिल्लांना आसरा देते. जुने शेतकरी तिथे ती मुद्दाम राखत. चोडणच्या पश्चिम टोकाला १९८८ पासून असलेले डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य हे १.७८ चौरस किलोमीटरचे खारफुटीचेच रान आहे आणि त्याचे मोल कोणी नाकारत नाही. पण फुटलेल्या बांधाच्या आत, शेतात खारफुटी उगवली तर ती शेत गेल्याची खूण असते. तिची मुळे आतल्या मेरा, म्हणजे शेतांमधले छोटे बांध, फोडतात आणि एकदा झाडे मोठी झाली की ती काढायला परवानगी लागते. किनारी नियमन क्षेत्राच्या, म्हणजे सीआरझेडच्या, २०११ च्या अधिसूचनेनुसार खारफुटीचे क्षेत्र १,००० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर तिच्याभोवती ५० मीटरचा राखीव पट्टाही सोडावा लागतो. म्हणून शेतकरी खारफुटीला घाबरतो, तर पर्यावरणप्रेमी शेतकऱ्याला दोष देतो. दोघांचा खरा शत्रू ते न बुजवलेले खिंडार असते.

मातीऐवजी काँक्रीटचा बांध का नको?

खाजनाखाली मऊ, खोल चिखल आहे. त्यावर जड आणि ताठ भिंत ठेवली की ती एकसारखी खचत नाही, तिला तडे जातात आणि पायथ्याची माती पाणी उकरून नेते. नदीचा चिखल, पेंढा, फांद्या आणि बाहेरून जांभ्याचे दगड यांचा पारंपरिक बांध वाकतो, दबतो, पण तुटत नाही, आणि बिघडला तर हाताशी असलेल्या मातीने दुरुस्त होतो. त्याची अट एवढीच की दर उन्हाळ्यात कोणीतरी त्याच्यावरून चालत जाऊन तो पाहिला पाहिजे. जिथे प्रवाहाचा मारा फार आहे तिथे दगडी बांधकाम लागते हे खरे, पण किलोमीटरच्या किलोमीटर काँक्रीट हा देखभाल टाळण्याचा खर्चिक मार्ग आहे.

शेती परवडत नाही, तर भराव टाकून घरे का बांधू नयेत?

ज्याचे शेत दहा वर्षे पडीक आहे त्याने हा प्रश्न विचारला तर त्याला गप्प करणे सोपे, पण अन्यायाचे ठरेल. त्याला उत्पन्न हवे आहे. तरीही खाजनाच्या एका तुकड्यात भराव पडला की तेवढे पाणी शेजारच्याच्या शेतात, नाहीतर डोंगरपायथ्याच्या घरांत आणि विहिरींत जाते. होडीत एकाने आपल्या बसण्याच्या जागेपुरता दगडाचा चौथरा रचावा, तसे ते आहे. कायद्यानेही याला वाव नाही. २०११ च्या त्याच अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळी तरतूद करून खाजनांचे नकाशे तयार करावेत, व्यवस्थापन आराखडा करावा आणि खाजनात विकासकामांना परवानगी देऊ नये असे म्हटले आहे. त्या अधिसूचनेखालचा गोव्याचा किनारी आराखडा मंजूर व्हायला मात्र २०२२ उजाडले, आणि त्या ११ वर्षांत जे भराव पडले ते कोणी उपसून काढलेले नाहीत. शेतकऱ्याला उत्पन्न द्यायचे असेल तर कोरगुटाला साध्या तांदळापेक्षा बरा भाव मिळवून देणे, मानशीच्या पावणीचा पैसा पुन्हा बांधाकडे वळवणे आणि एका खाजनातल्या सर्व शेतांची एकत्र मशागत करणे, या वाटा आहेत. त्या कष्टाच्या आहेत, पण त्यांत शेजारी बुडत नाही.

समुद्र चढतो आहे, मग बांध टिकणारच कसे?

समुद्राची पातळी वाढते आहे आणि सखल गोव्याला त्याची झळ बसणार, यात वाद नाही. पण या प्रश्नात बांध एकदाच बांधून झालेली वस्तू आहे असे गृहीत धरलेले असते. खाजनाचा बांध तसा कधीच नव्हता. दर उन्हाळ्यात ओहोटीला नदीकडचा चिखल कापून त्याची ढेकळे बांधाच्या माथ्यावर रचायची, पायाने दाबायची आणि पावसाआधी सुकू द्यायची, अशी रीत होती. त्यामुळे बांध थोडा खचे आणि थोडा वाढे. नदी चढली तर माणसे त्याच्यावर एक थर जास्त चढवीत.

दिवाडीच्या त्या मानशीजवळ अजून असा एक बांध आहे. ओहोटी पुरी लागल्यावर मी त्याच्यावरून चालत गेलो, तेव्हा त्याच्या कुशीतले थर उघडे पडलेले दिसले. तळाचा काळपट, त्यावरचा पिवळसर, आणि सगळ्यांत वरचा, त्याच उन्हाळ्यातला, अजून ओलसर आणि राखाडी. त्यात गवताच्या काड्या होत्या आणि अनवाणी पावलांचे ठसे होते. पंचवीसेक पावलांवर तो वरचा थर संपला. त्यापुढे बांध गुडघाभर खाली होता, आणि पलीकडच्या शेतांत पाणी चकाकत होते.